तुम्ही विचारलंत म्हणून: प्रोप्रायटर राहू, की कंपनी काढू?

"मॅडम, धंदा वाढलाय. प्रायव्हेट लिमिटेड करून टाकू का? कर कमी बसतो म्हणतात." मी कोल्हापुरात करसल्लागार आहे. उद्यमनगरातल्या वर्कशॉपवाल्यांपासून शिरोली एमआयडीसीतल्या मशीन शॉपपर्यंत सगळीकडे मला हा प्रश्न ऐकू येतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा असतोच: "आणि हिशेब बिल फाडल्यावर धरायचा, की पैसे हातात आल्यावर?"

पहिल्या प्रश्नावर मी उलट एकच विचारते. झालेला नफा तुम्ही घरी नेणार, की धंद्यात ठेवणार? याचं उत्तर पक्कं असेल तर निम्मं काम झालं. कराचा दर त्यानंतर बघायचा.

आकडेच मांडू. दर २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे, नव्या कररचनेतले. समजा, सगळा खर्च जाऊन वर्षाला २० लाख नफा राहतो. तुम्ही प्रोप्रायटर असाल तर धंदा आणि तुम्ही कायद्याला एकच. पॅन एक, रिटर्न एक. ४ लाखांपर्यंत काही नाही, पुढे ५ टक्क्यांपासून टप्प्याटप्प्याने वाढत जाऊन २० लाखांवर २ लाख कर आणि त्या करावर ४ टक्के सेस, म्हणजे उपकर. एकूण २ लाख ८ हजार.

तोच धंदा कंपनीत आहे असं धरा. २०१९ च्या सप्टेंबरात सरकारने देशी कंपन्यांना २२ टक्क्यांचा दर दिला. बऱ्याच सवलती सोडल्या तर तो मिळतो, आणि सरचार्ज (करावरचा अधिभार) आणि सेस धरून २५.१६८ टक्के पडतो. तुम्ही संचालक म्हणून १२ लाख ७५ हजार पगार घेतलात, तर ७५ हजारांची प्रमाणित वजावट आणि १२ लाखांपर्यंतची करसूट मिळून पगारावर कर शून्य. कंपनीकडे ७ लाख २५ हजार नफा उरला, त्यावर साधारण १ लाख ८२ हजार. म्हणजे कंपनी केल्याने वाचले २५ हजार. कंपनीला मात्र उलाढाल कितीही असो, ऑडिट सक्तीचं. शिवाय दरवर्षी कंपनी निबंधकाकडे ताळेबंद आणि वार्षिक विवरण भरायचं, उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये. ते २५ हजार कुठे जातील हे सांगायला नको.

अजून एक गोष्ट उरते. कंपनीत राहिलेले ते ५ लाख ४२ हजार तुम्हाला घरी हवे असतील तर लाभांश म्हणून घ्यावे लागतील. १ एप्रिल २०२० पासून लाभांशावरचा कर घेणाऱ्याच्या हाती बसतो. लाभांश तुमच्या पगारात मिळवला की १२ लाखांची करसूट हातची जाते आणि तुम्हाला स्वतःला दीड लाखाच्या वर कर येतो. एकूण बेरीज ३ लाख ३७ हजारांच्या आसपास. प्रोप्रायटर राहून २ लाख ८ हजारांत भागत होतं.

आता नफा ६० लाख धरा, आणि तुम्हाला दुसरं व्हीएमसी मशीन (संगणकावर चालणारं धातू कापायचं यंत्र) घ्यायचंय. प्रोप्रायटरला ५० लाखांवर सरचार्जही लागतो, कर जातो पावणेसोळा लाखांवर. कंपनीत तोच पगार घेऊन उरलेल्या सव्वासत्तेचाळीस लाखांवर ११ लाख ८९ हजार. जवळपास ३ लाख ९० हजारांचा फरक, आणि तो पैसा मशीनच्या डाउन पेमेंटला उपयोगी पडतो. इथे मी स्वतःहून म्हणते, काढा कंपनी.

पण कंपनी काढल्यावर काय बदलतं, हे लोकांना कागदावर कळतं, अंगवळणी पडत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका मशीन शॉपवाल्यांचं खातेवहीचं पान मला आठवतं. कंपनीच्या बँक खात्यातून मुलीच्या कॉलेजची फी, गावाकडच्या घराचा पत्रा, मेव्हण्याला उसने, किराणा दुकानाचं यूपीआय. प्रत्येक नोंदीसमोर त्यांच्या अकाउंटंटने लिहिलेलं, "संचालक उचल". वर्षभर प्रोप्रायटरसारखंच वागले होते ते. त्यात त्यांचं काही वाईट नव्हतं, आयुष्यभर गल्ला आणि खिसा एकच होता. पण कंपनी ही वेगळी व्यक्ती आहे. तिचा पैसा तुमचा नाही, शंभर टक्के शेअर तुमचे असले तरी नाही. मोठ्या भागधारकाने खासगी कंपनीतून घेतलेली अशी उचल आयकर कायदा लाभांश मानू शकतो आणि त्यावर कर लावतो, तुम्ही ती पुढे परत केलीत तरी. संचालकाला कर्ज देण्यावर कंपनी कायद्याचे निर्बंध आहेत ते वेगळेच. म्हणून मी म्हणते, आधी सहा महिने प्रोप्रायटर असतानाच स्वतःला ठरावीक पगार काढून बघा. घर त्यावर चाललं तर कंपनीचा विचार करा.

"पण कंपनी बुडाली तर घर वाचतं ना?" हे अर्धं खरं आहे. माल देणारा, ग्राहक, नुकसानभरपाई मागणारा यांच्यापुढे मर्यादित दायित्वाची भिंत खरीच उभी राहते, आणि सदोष पार्टमुळे मोठा दावा येऊ शकेल अशा कामात मी या भिंतीला फार मानते. बँकेपुढे मात्र ती नसते. छोट्या कंपनीला कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठीचं फिरतं कर्ज, देताना बँक संचालकांची वैयक्तिक हमी घेतेच, बहुतेक वेळा घरही तारण घेते. सही करताना ते पान वाचा.

भावाभावांचा किंवा नवरा-बायकोचा धंदा असेल, दोघंही खरोखर राबत असतील, तर साधी भागीदारी मला अजूनही आवडते. भागीदारी कायदा १९३२ चा आहे आणि या गावाचे कितीतरी कारखाने त्याच्यावर उभे राहिले. फर्मला ३० टक्के दर ऐकून लोक दचकतात. पण भागीदारांचा पगार आधी वजा होतो: पहिल्या ६ लाख नफ्याच्या ९० टक्के, पुढच्या रकमेच्या ६० टक्के. २० लाखांवर १३ लाख ८० हजार पगार वजा जातो. दोघांनी निम्मा निम्मा घेतला आणि त्यांचं दुसरं उत्पन्न नसेल, तर त्यांना कर नाही. उरलेल्या ६ लाख २० हजारांवर फर्म १ लाख ९३ हजार भरते, आणि करानंतरचा नफा भागीदाराच्या हाती करमुक्त. तो घरी नेता येतो, हा कंपनीपेक्षा मोठा फायदा. दस्तात पगार आणि भांडवलावरचं व्याज स्पष्ट लिहिलेलं हवं, नाहीतर वजावट मिळत नाही. आणि फर्मची नोंदणी कराच. नोंदणी नसलेल्या फर्मला करारावरचे पैसे वसूल करायला बाहेरच्यावर दावा लावता येत नाही.

एलएलपीचा (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीचा) दर फर्मइतकाच, वर मर्यादित दायित्व. सल्लागार, आर्किटेक्ट, सॉफ्टवेअरवाले यांना चांगली. अंदाजित उत्पन्नाची सवलत तिला नाही.

या सवलतीबद्दल बोलायलाच हवं, कारण तिच्यामुळे खूप छोट्या धंद्यांचं ओझं उतरलंय. २ कोटींपर्यंत उलाढाल, किंवा रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत. बँकेतून आलेल्या रकमेच्या ६ टक्के आणि रोखीच्या ८ टक्के नफा धरायचा. वह्या ठेवण्याची सक्ती नाही, ऑडिट नाही. पण एकदा घेऊन मध्येच सोडली तर पुढची पाच वर्षं परत मिळत नाही. आणि ६ टक्के हा किमान आकडा आहे. खरा नफा १५ टक्के असेल तर १५ लिहा, असं मी प्रत्येकाला सांगते. दुसरं कारण बँकेचं. कर्ज मागायला गेलात की बँक तीन वर्षांची रिटर्न मागते, आणि तिथे दाखवलेल्या नफ्यावरच हप्ता झेपेल की नाही ते ठरतं. मशीन अडून राहिलेलं मी पाहिलंय, निव्वळ रिटर्नवरच्या आकड्यापायी.

आता हिशेबाच्या पद्धतीकडे. पैसे आले की जमा, गेले की खर्च, ही रोख पद्धत. बिल झालं की येणं, माल आला की देणं, ही मर्कंटाइल. आयकराला दोन्ही चालतात, पण एक धरली की नियमाने तीच चालवायची. थोडी ही थोडी ती, अशी मिश्र पद्धत १९९७ पासून बंद आहे. कंपनीला निवडच नाही, तिला मर्कंटाइलच.

डॉक्टर, वकील, एकटा डिझायनर यांना मी रोख पद्धत सुचवते. त्यांच्याकडे माल शिल्लक नसतो आणि फी कधी येईल याचा भरवसा नसतो. न मिळालेल्या पैशावर कर का भरा? जॉबवर्कवाल्याला, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर मजुरीने काम करून देणाऱ्यालाही, हेच हवं असतं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात फाउंड्रीला ६ लाखांचं बिल दिलं, पैसे जूनमध्ये येणार, कर मात्र यंदाचा. दुखणारच. पण जीएसटी तर तुम्ही बिलाच्या तारखेनेच भरलेला असतो. फाउंड्रीने टीडीएसही (तुमच्या बिलातून आधीच कापायचा आयकर) मार्चमध्येच कापून तुमच्या पॅनवर नोंदवलेला असतो. मग रोख पद्धतीत तुमची विक्री जीएसटीत एक आणि आयकरात दुसरी दिसते, टीडीएस पुढच्या वर्षी ओढावा लागतो, आणि खुलाशाच्या नोटिशीला दरवर्षी उत्तर द्यायचं. कायद्याने चूक काही नाही, पण निस्तरायला माणूस लागतो.

माझा मोठा आक्षेप वेगळा आहे. रोख पद्धतीत उधारी वहीत दिसत नाही. कुणाकडे किती अडकलंय, किती महिन्यांपासून, हे ज्याच्या समोर नसतं तो वसुलीला उशिरा निघतो. जॉबवर्कवाल्याचा जीव उधारीत असतो. म्हणून त्याने मर्कंटाइलच ठेवावी आणि उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी) करून तो नंबर प्रत्येक बिलावर छापावा. १ एप्रिल २०२४ पासून सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे, सेवा देणाऱ्याचे पैसे वेळेत, म्हणजे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत दिले नाहीत, तर देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. त्यामुळे मार्च जवळ आला की मोठ्या कारखान्यांच्या अकाउंट विभागातून हल्ली स्वतःहून फोन येतात. निव्वळ व्यापाऱ्याला हा लाभ नाही.

१ एप्रिल २०२६ पासून आयकराचा २०२५ चा नवा कायदा लागू आहे. कलमांचे आकडे बदललेत, त्यामुळे जुन्या नोंदी हातात घेऊन कुणी कलम सांगितलं तर विचारून घ्या कोणत्या कायद्यातलं.

आणि कंपनी करायचं ठरलंच, तर सगळी मालमत्ता आणि सगळी देणी एकत्र कंपनीत जायला हवीत, मोबदला फक्त शेअरमध्ये, आणि किमान निम्मी मतं पाच वर्षं तुमच्याकडेच. तरच हस्तांतरावर भांडवली नफ्याचा कर बसत नाही. जीएसटीची शिल्लक क्रेडिट नव्या नंबरावर न्यायला वेगळा फॉर्म आहे. हे काम १ एप्रिलला धरून करा, म्हणजे एका वर्षाचे दोन हिशेब होत नाहीत. त्यासाठी जानेवारीतच या. येताना तीन वर्षांची रिटर्न, बँकेचं मंजुरीपत्र आणि येणेकऱ्यांची यादी आणा.