तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या घरचा भात

घरात दोघांना शुगर, तरी तुम्हा पद्मशाली लोकांना भात कसा सुटत नाही? डबा उघडला की हा प्रश्न ठरलेला. काळजीनेच विचारता, म्हणून एकदा नीट सांगते.

पूर्वी मी म्हणायचे, आजोबा तेलंगणातून मागावर काम करायला सोलापुरात आले, भात तिकडचा, तो सुटायचा नाही. आता हे उत्तर मलाच पुरत नाही. कारण नान्नांनी, म्हणजे वडिलांनी, दुपारचा भात केव्हाच सोडलाय. ते ज्वारीची भाकरी खातात. भाकरी कितीही चालते, हे त्यांना इथल्याच लोकांनी सांगितलं. अहो, ज्वारीतही पिष्टच असतं! तीन भाकऱ्यांनी साखर चढायची ती चढतेच, आणि बोल मात्र भाताला.

नारळी पौर्णिमेला सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या समाजाच्या मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. एका वर्षी नान्ना सकाळी जानवं बदलून उपाशीपोटी रथाबरोबर निघाले. निघताना ग्लिमेपिराइडची गोळी घेतली, कारण डॉक्टरांनी बजावलं होतं, "गोळी एक दिवसही चुकवायची नाही." नान्नांचं मराठी कारखान्यापुरतं. "समजलं ना?" म्हटलं की "हो साहेब" म्हणून उठायचं. ती गोळी शरीराला साखर उतरवणारं इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. म्हणून ती जेवणाबरोबरच घ्यायची, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

दुपारी गर्दीत त्यांना दरदरून घाम सुटला. हात थरथरायला लागले, काहीतरी असंबद्ध बोलू लागले, मला ओळखेनात. बाजूचा एक जण म्हणाला, "घेतलीय वाटतं." नान्नांनी जन्मात दारूला हात लावलेला नाही. एकाने सरबताचा पेला पुढे केला, तर अम्माने त्याचा हात धरला, "नको, शुगर आहे त्यांना!" तिलाही तेवढंच शिकवलं होतं. पण त्यांची साखर फार खाली गेली होती. मी पेला हिसकावून घेतला. त्यांना अजून गिळता येत होतं, म्हणून घोट घोट पाजलं. थोड्या वेळाने त्यांनी मला नावाने हाक मारली.

पथ्य मोडून हे झालं नाही. सांगितलेलं सगळं पाळून झालं. "तुमचे लोक ऐकत नाहीत" हे वाक्य म्हणून मला सहन होत नाही.

अम्माचं मात्र वेगळं आहे, तेही लपवत नाही. ती दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळते. चालायला जा म्हटलं तर विचारते, "मग हजार कोण पुरे करणार?" मजुरी हजारावर मिळते, त्यामुळे मी गप्प होते. रात्री पुंटीकुरा, म्हणजे अंबाडीची भाजी, आणि ताटभर भात. त्यावरून आमचं भांडण होतं. तिच्याबाबतीत तुमचा प्रश्न खरा आहे, माझ्याकडे उत्तर नाही.

नान्ना भेटले तर भाताचं राहू द्या. गोळी घेतल्यावर जेवलात का, एवढं विचारा.