माझा अनुभव : उणे चिन्हापायी गेलेले अकरा दिवस

बी. फार्मसीला प्रवेश हवा म्हणून मी सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, दुसऱ्यांदा दिली. त्या वर्षातले अकरा दिवस कसे गेले ते लिहितेय. आता सगळं नीट झालंय, पण त्या अकरा दिवसांचा राग अजून गेला नाही, आणि तीच चूक करणाऱ्या मुली मला दरवर्षी भेटतात.

पहिल्या वर्षी केमिस्ट्रीने मला खाली ओढलं. नेमके कुठले धडे नडले हे निकालाआधीच माहीत होतं : आयनिक इक्विलिब्रिया आणि केमिकल थर्मोडायनॅमिक्स. बाकीचे धडे दुसऱ्या वर्षी लातूरला हॉस्टेलवर बसून दोन महिन्यांत झाले. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

माझी दहावी मराठी माध्यमातली. आमच्या पुस्तकात आम्ल, आम्लारी आणि क्षार असे शब्द होते. आम्लारी म्हणजे बेस, क्षार म्हणजे सॉल्ट. अकरावीत सगळं इंग्रजीत आलं, म्हणून समजून घ्यायला मी मोबाइलवर हिंदी व्हिडिओ बघायला लागले. हिंदीत क्षार म्हणजे अल्कली, आणि सॉल्टला ते लवण म्हणतात. मी कित्येक दिवस क्षार ऐकलं की सॉल्ट समजत होते. मग बफरच्या, म्हणजे आम्लता फारशी बदलू न देणाऱ्या द्रावणाच्या, गणितात आम्लावर सॉल्ट घालायचं की बेस घालायचा, हेच उलटं व्हायचं. मराठी माध्यमातून येऊन हिंदी व्हिडिओ बघत असाल, तर वहीच्या पहिल्या पानावर हे तीन शब्द तिन्ही भाषांत लिहून ठेवा.

आता मुख्य गोष्ट. वायू प्रसरण पावताना बाहेरच्या दाबाविरुद्ध काम करतो. सराव पेपरात प्रश्न होता : वायूने १००० जूल उष्णता घेतली आणि २ बार या स्थिर बाह्य दाबाविरुद्ध तो २ घन डेसिमीटरपासून ५ घन डेसिमीटरपर्यंत पसरला, तर अंतर्गत ऊर्जेतला बदल किती? आकारमान ३ ने वाढलं, दाब २, गुणाकार ६. एक घन डेसिमीटर बार म्हणजे १०० जूल, म्हणजे ६०० जूल काम. केमिस्ट्रीच्या पुस्तकात डब्ल्यू बरोबर उणे पी डेल्टा व्ही (काम बरोबर उणे दाब गुणिले आकारमानातला बदल), म्हणून मी उणे ६०० लिहिलं. मग सूत्र आठवलं, डेल्टा यू बरोबर क्यू वजा डब्ल्यू, म्हणजे अंतर्गत ऊर्जेतला बदल बरोबर घेतलेली उष्णता वजा काम. १००० वजा उणे ६००, म्हणजे १६००. पर्यायांत १६०० होतंच. मी निर्धास्तपणे तेच निवडलं आणि चुकले. उत्तर होतं ४००.

ते सूत्र फिजिक्सच्या पुस्तकातलं होतं हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही. सीईटीत फिजिक्सचे ५० आणि केमिस्ट्रीचे ५० प्रश्न एकाच ९० मिनिटांत सोडवायचे असतात, त्यामुळे डोक्यात दोन्ही पुस्तकं एकदम उघडी असतात. फिजिक्सला क्यू वजा डब्ल्यू, केमिस्ट्रीला क्यू अधिक डब्ल्यू. दोन्ही बरोबर कशी असतील? एक पुस्तक चुकलंय अशी माझी पक्की समजूत झाली.

क्लासमध्ये डाउट काउंटर होता. संध्याकाळी ५ ते ७. वहीत नाव लिहायचं, नंबराची चिठ्ठी घ्यायची आणि जिन्यात उभं राहायचं. पहिल्या दोन दिवशी माझा नंबरच आला नाही, कारण ७ वाजता खिडकी बंद. तिसऱ्या दिवशी फिजिक्सचे सर बसले होते. त्यांनी वही पाहिली आणि म्हणाले, "हा केमिस्ट्रीचा प्रश्न आहे, त्यांना विचार." केमिस्ट्रीचे सर आठवड्यातून दोनदाच काउंटरवर असायचे. सहाव्या दिवशी ते भेटले. म्हणाले, "आपलं सूत्र बरोबर आहे, फिजिक्सवाल्यांचं त्यांना विचार." मग रविवारची टेस्ट आली. टेस्टच्या आदल्या दिवशी आणि नंतरच्या दिवशी काउंटर बंद. त्या टेस्टमध्ये या धड्यावर चार प्रश्न होते आणि चारही मी चुकवले. दहाव्या दिवशी पुन्हा जिन्यात एक तास उभी राहिले आणि उत्तर मिळालं, "आपल्याकडे उणे असतं, एवढं लक्षात ठेव. पाठ कर." खोलीवर येऊन मी रडले. वर्षाची फी आईने कशी भरली होती ते मला माहीत होतं.

अकराव्या दिवशी मी गावी गेले. आई आमच्या बचत गटाची सचिव आहे. जेवण झाल्यावर ती कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, लिहीत बसली होती आणि मी शेजारी वही उघडून. एका बाईला गटाने १०,००० रुपये कर्ज दिलं होतं. आईने ते नावे बाजूला लिहिलं. मी सहज विचारलं, "त्या काकूंच्या घरच्या वहीत हे कुठं लिहितील?" आई म्हणाली, "जमा. त्यांच्या घरात पैसे आले की." मग माझ्या वहीत डोकावून म्हणाली, "तू कुणाची वही लिहायलीस?"

मी थांबले. वायूची वही! केमिस्ट्री वायूच्या वहीत लिहिते : वायूने बाहेर काम केलं म्हणजे त्याची ऊर्जा गेली, म्हणून उणे, आणि मग सगळं नुसतं बेरजेत घालायचं. फिजिक्सची वही इंजिन चालवणाऱ्याची : वायूने केलेलं काम आपल्या हातात पडलं, म्हणून ते अधिक, आणि वायूच्या शिल्लकीतून काढताना वजा करायचं. १००० अधिक उणे ६०० म्हणजे ४००. १००० वजा ६०० म्हणजेही ४००. दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत. चूक एकच होते, एका वहीतला आकडा दुसऱ्या वहीच्या सूत्रात टाकण्याची.

नंतर वाचलं की फिजिक्सची रीत वाफेच्या इंजिनांच्या काळापासूनची आहे. क्लॉसियस या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० मध्ये उष्णतेवर लिहिलं तेव्हा लोकांना इंजिनातून काम किती मिळतं हेच हवं होतं. आययूपॅक, म्हणजे रसायनशास्त्राचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था, आता वायूवर केलेलं काम अधिक धरायला सांगतं. हे काउंटरवर अर्ध्या मिनिटात सांगता आलं असतं. त्या अर्ध्या मिनिटासाठी अकरा दिवस गेले, याचाच मला राग येतो. म्हणून सांगते : सूत्र लिहिण्याआधी कोपऱ्यात 'वायूने केलं' किंवा 'वायूवर केलं' असं लिहा आणि मगच चिन्ह ठरवा. मी परीक्षेत रफ कागदावर दरवेळी हेच केलं.

हे सुटल्यावर बाकीचं भराभर लागत गेलं. डेल्टा जी (मुक्त ऊर्जेतला बदल) बरोबर डेल्टा एच वजा टी डेल्टा एस, यात एन्थाल्पी (एच) किलोजूलमध्ये आणि एन्ट्रॉपी (एस) जूलमध्ये देतात, टी म्हणजे तापमान. तिथे १००० ने भागायला विसरू नका. आणि अकरावीचा रासायनिक समतोल मी नुसता चाळला होता, तो परत वाचला. समतोल आला म्हणजे अभिक्रिया थांबली असं मी समजत होते. ती थांबत नाही. दोन्ही बाजूंचा वेग सारखा होतो, म्हणून प्रमाण बदलताना दिसत नाही. नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया होताना दोन मोलमागे सुमारे ९२ किलोजूल उष्णता बाहेर पडते. तापमान वाढवलं की समतोल स्थिरांक (समतोलाला पदार्थांचं प्रमाण सांगणारा आकडा) कमी होतो, उत्प्रेरक घातल्याने मात्र स्थिरांकाला काही होत नाही, फक्त समतोल लवकर येतो. कारखान्यात तरीही ४०० अंशांच्या वर तापवतात, कारण थंडीत ही अभिक्रिया फार हळू चालते. हे समजल्यावर समतोल आणि थर्मोडायनॅमिक्स हे दोन वेगळे धडे उरलेच नाहीत. डेल्टा जी आणि समतोल स्थिरांक यांचं सूत्रही पाठ करावं लागलं नाही : २५ अंश सेल्सिअसला डेल्टा जी शून्य सुमारे ५.७ किलोजूलने खाली गेला की स्थिरांक दहापट होतो. एवढं माहीत असलं की पर्याय डोळ्यांनीच गाळता येतात.

पीएच म्हणजे आम्लता सांगणारा आकडा : ७ च्या खाली आम्ल, वर आम्लारी. त्यात एक सापळा आहे. हायड्रोक्लोरिक आम्लाचं १० चा उणे ८ वा घात मोलर द्रावण दिलं की हात आपोआप ८ लिहितो. पण आम्ल कितीही पातळ केलं तरी ते आम्लारी कसं होईल? इथे पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन धरावे लागतात आणि उत्तर येतं ६.९८. उत्तर लिहिल्यावर ते ७ च्या कुठल्या बाजूला पडलं एवढं बघितलं, तरी असे बरेच गुण वाचतात.

दुसऱ्या वेळी केमिस्ट्रीचा पर्सेंटाइल बायोलॉजीच्याही वर गेला. निकाल लागला त्या संध्याकाळी आईला फोन केला तेव्हा ती गटाच्या बैठकीत होती. आधी तिथल्या बायकांचाच आवाज आला. आता फार्मसीच्या लॅबमध्ये पीएच मीटर वापरायच्या आधी ४, ७ आणि ९.२ च्या बफरने मी तो जुळवून घेते, तेव्हा ते द्रावण तसं का टिकतं हे मला कुणाला विचारावं लागत नाही.

एक राहिलंच. पीएचच्या गणितात लॉग लागतात आणि सीईटीत कॅल्क्युलेटर नसतो. २ चा लॉग ०.३०१०, ३ चा ०.४७७१, ७ चा ०.८४५१, एवढे तीन तोंडपाठ हवेत. ५ चा १० मधून काढता येतो, १ वजा ०.३०१०. मी हे शेवटच्या आठवड्यात केलं, तुम्ही पहिल्याच आठवड्यात करा.