माजघरातली हवा

मालवणजवळच्या आमच्या घरात जुलैमध्ये झड आत येऊ नये म्हणून खिडक्या दिवसचे दिवस बंद असतात. यंदा भाच्याने घरातल्या हवेतला रेडॉन हा किरणोत्सारी वायू मोजण्याचे एक लहानसे यंत्र आणून दिले. मी ते आधी पडवीत ठेवले आणि दिवसभराचा आकडा पाहून उगाच निर्धास्त झालो. मोजायची असते ती आपण झोपतो तिथली हवा, हे नंतर लक्षात आले.

खडकातील आणि मातीतील युरेनियमपासून रेडियम व रेडियमपासून रेडॉन हा रंग-वास नसलेला वायू तयार होतो. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मा वायू विघटित व्हायला लागणारा काळ, 3.8 दिवसांचे असल्यामुळे जमिनीच्या भेगांतून घरात शिरायला त्याला भरपूर सवड मिळते. श्वासावाटे आत गेलेला वायू बहुतांशी तसाच बाहेर पडतो. घात करते ते त्याच्या विघटनातून निर्माण होणारे पोलोनियम, जे धूळकणांना चिकटून फुफ्फुसात बसते आणि तिथल्या पेशींवर अल्फा कणांचा, म्हणजे अणूतून वेगाने बाहेर फेकल्या जाणाऱ्या कणांचा, मारा करते. रेडॉनमुळे फुफ्फुसाचा कर्करोग होतो, हे 1988 पासून अधिकृतपणे मान्य आहे, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना हा धोका कितीतरी पटींनी जास्त असतो.

रत्नागिरीकडे जांभ्याखाली बेसाल्ट आहे आणि त्यात युरेनियम कमीच असते. सिंधुदुर्गात मात्र ग्रॅनाइटच्या जातीचे जुने खडकही आढळतात. तरीही शेजारच्या घराचा आकडा आपल्याला लागू पडत नाही, कारण कोब्याच्या भेगा आणि हवेची ये-जा घरागणिक वेगळी असते. आमच्या जुन्या घराच्या कौलांच्या फटींतून हवा सतत निसटत असे. आता वर स्लॅब आहे आणि सरकत्या काचा घट्ट बसतात.

यंत्र माजघरात खाटेच्या उंचीवर, भिंतीपासून दूर ठेवले. भिंतीतून थोरॉन हा रेडॉनचाच एक प्रकारही निघतो, पण त्याचे अर्धायुष्य मिनिटाहूनही कमी असल्याने तो भिंतीलगतच राहतो आणि काही यंत्रांचा आकडा फुगवतो. पहाटे आकडा चढे आणि दुपारी खिडकी उघडली की उतरे. आई म्हणाली, "खिडकी उघडी ठेव म्हणान कधीपासून सांगतंय, तेका मशीन कशाक व्हया?"

जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये घनमीटर हवेला 100 बेकरेल (म्हणजे सेकंदाला 100 अणूंचे विघटन) ही मर्यादा सुचवली, पण ती वर्षभराच्या सरासरीसाठी आहे. एका रात्रीच्या आकड्यावरून घाबरण्यात किंवा निश्चिंत होण्यात अर्थ नाही. लांबच्या काळाची सरासरी कळण्यासाठी निदान तीन महिने टांगून ठेवायची प्लास्टिकची फिल्म मिळते. अल्फा कणांनी तिच्यावर उमटवलेले ओरखडे प्रयोगशाळेत कॉस्टिक सोड्याने उठावदार करून मोजतात. आमची फिल्म माजघरात छताच्या हुकाला दोरीने टांगली आहे आणि ती आता दिवाळीनंतरच खाली उतरेल.