तुम्ही विचारलंत म्हणून: फौजी माणूस चित्रकार कसा झाला?

ऑटोमन म्हणजे जुन्या तुर्की साम्राज्यातल्या तैलचित्रांचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच: सुरुवातीचे इतके चित्रकार फौजेतले कसे? शेकेर अहमद पाशा या फौजेत शिकलेल्या चित्रकारावरून सांगतो.

चित्र काढणं तेव्हा अधिकाऱ्याच्या कामातच मोडायचं. टेकडीचा चढ, तटाचं वळण, नदीचा उतार कागदावर उतरवून वरिष्ठांपुढे ठेवावा लागे. म्हणून इस्तंबूलच्या लष्करी अभियांत्रिकी शाळेत आणि १८३४ मध्ये निघालेल्या हार्बिये या लष्करी अकादमीत यथार्थदर्शन, म्हणजे जवळ-लांबचं अंतर कागदावर दाखवायची रीत, शिकवत. ललितकलेची शाळा उघडली थेट १८८३ मध्ये.

पाशांचं मूळ नाव अहमद अली. जन्म १८४१ चा, इस्तंबूलमधल्या उस्कुदारचा. आधी वैद्यकीय शाळेत गेले, तिथेच चित्रकलेच्या शिक्षकाचे मदतनीस झाले, मग हार्बियेत आले. सुलतान अब्दुलअझीझ यांनी त्यांना पॅरिसला धाडलं. तिथे बुलांजे आणि जेरोम हे फ्रेंच चित्रकार गुरू लाभले. परतल्यावर १८७३ मध्ये इस्तंबूलच्या सुलतानअहमद भागातल्या उद्योगशाळेत त्यांनी चित्रप्रदर्शन भरवलं, १८७५ मध्ये दुसरं. ‘दोल्माबाहचे’ या सुलतानाच्या राजवाड्यासाठी युरोपीय चित्रंही त्यांच्यामार्फत आली. ‘शेकेर’ म्हणजे साखर. आपली शर्कराच फारसीतून तिकडे पोचली. स्वभाव गोड म्हणून हे नाव पडलं.

पण त्यांना समजून घ्यायचं तर त्यांचं जंगलातल्या लाकूडतोड्याचं चित्र नीट बघा. दाट झाडी, त्यात आपलं जनावर घेऊन चाललेला इवलासा माणूस, आणि उजवीकडे वर, रानाच्या पार पलीकडच्या कडेला, एक झाड. नियमाने लांबचं झाड बारीक व्हावं, रंग फिके पडावेत, पानं एकमेकांत मिसळावीत. इथे उलट झालंय. खोड जाडजूड, त्यावर स्वच्छ उजेड, पानं सुटी सुटी. त्यामुळे सर्वांत दूरचं झाडच सर्वांत जवळ येतं आणि मधलं अंतर मोजता येईनासं होतं.

पुष्कळ जण याला चूक म्हणतात. मला ते पटत नाही. जेरोमच्या हाताखाली शिकलेल्या माणसाला क्षितिजरेषा मांडता येत नव्हती, हे संभवत नाही. यथार्थदर्शनात बघणारा एका जागी उभा असतो, रानाच्या बाहेर. लाकूडतोड्या रानाच्या आत आहे. त्याच्यासाठी ती कडा म्हणजे बाहेर पडायची जागा, आणि म्हणून ती मोठी. चित्राची प्रत हाताशी असेल तर ते झाड अंगठ्याने झाका. माणूस लगेच पुढे येतो. अंगठा काढा, तो पुन्हा रानात बुडतो.