सिल्लेवानी घाटाच्या खाली आणि वर

बायकोची मावशी सौंसरला दिलेली. सौंसर मध्य प्रदेशात आहे हे मला लग्नानंतर कळलं, तोपर्यंत मी ते नागपूरचंच कुठलं तरी गाव धरून चाललो होतो. दिवाळीनंतर गाडी काढली, ठाण्यातून पहाटे चारला निघालो, आमण्याला समृद्धीवर चढलो आणि दुपारी नागपूर. त्या 701 किलोमीटरबद्दल लोकांनी एवढं लिहून ठेवलंय की मी फक्त इतकंच सांगतो, डबा सोबत घ्या.

सावनेर सोडलं की थोड्या वेळात राज्य बदलतं पण भाषा काही बदलत नाही. दुकानाची पाटी हिंदीत आणि आत गल्ल्यावर भांडण मराठीत. मावशी दारातच, "काहून इतका उशीर केला जी, भाजी थंडी होऊन राह्यली." हा सगळा भाग आधी छिंदवाडा जिल्ह्यात होता, 2023 मध्ये सौंसर आणि पांढुर्णा तोडून पांढुर्णा जिल्हा केला. काका अजून "जिल्ह्याला जातो" म्हणतात तेव्हा छिंदवाडाच म्हणायचं असतं त्यांना.

काकांचा संत्र्याचा बगीचा आहे. आपल्याला वाटतं संत्रं म्हणजे थंडी आली की आपोआप लागतं, तसं नाही हो, झाडाला मुद्दाम तहानेलं ठेवावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून ताण द्यायचा, मग पाणी सोडलं की फुटतो तो आंबिया बहार, त्याची फळं दिवाळीच्या आगेमागे. मे महिन्यात ताण दिला तर पावसावर मृग बहार फुटतो आणि माल फेब्रुवारी-मार्चला. यंदा झाडाखाली पिवळी पडलेली फळंच जास्त दिसत होती. व्यापारी बगीच्यात येऊन नुसत्या नजरेने सगळ्या बागेचा भाव ठरवतो, आणि फळगळ झाली की त्याची नजर लगेच बारीक होते, हे काका हसत सांगत होते पण हसू काही खरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी छिंदवाड्याला निघालो आणि रामाकोना गेल्यावर सिल्लेवानी घाट लागला. घाटाखाली कापूस, संत्रा, मराठी. वर चढलात की हवा गार, हिंदी सुरू, आणि जिकडे बघावं तिकडे मका. म्हणजे खरंच जिकडे बघावं तिकडे, कारण शेतातला कापून झाला होता आणि अर्ध्या रस्त्यावर वाळत घातला होता, कडेला दगड मांडलेले, गाड्या उरलेल्या अर्ध्यातून. एक म्हातारी अनवाणी पाय ओढत त्यात सऱ्या पाडत चालली होती, खालचा दाणा वर यावा म्हणून, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली की वळून परत. आधी मला राग आला होता, रस्ता काय अंगण आहे का. मग गाडी थांबवून तिच्या नवऱ्याशी बोललो. त्यांनी एक दाणा दाढेखाली फोडून दाखवला, कट्ट आवाज आला पाहिजे, नाहीतर मंडीत ओल जास्त म्हणून भाव पाडतात. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 2400 रुपये होता, हातात त्याहून बरेच कमी पडतात म्हणाले. एवढ्या मक्याला शेतकऱ्याच्या घरी खळं पुरणार कुठून, माझा राग तिथेच गेला.

पाताळकोटची खोल दरी राहिली, वेळच नव्हता. देवगडला मात्र गेलो, कोकणातलं नव्हे, छिंदवाड्याकडचं. किल्ला पडका, माकडं भरपूर. इथल्या गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने, 1702 मध्ये नागपूर वसवलं. म्हणजे मूळ गाव हे, आणि नागपूर नंतरचं! हे नागपूरच्या माझ्या मित्राला फोन करून सांगितलं तर त्याने फोन ठेवला.

येताना काकांनी डिकीत दोन पेट्या टाकल्या. ठाण्यात आल्यावर सोसायटीत वाटल्या, सगळ्यांचा एकच प्रश्न, "नागपूरची का?" पहिल्या मजल्यावर मी सौंसर, पांढुर्णा, घाट, सगळं समजावून सांगितलं. तिसऱ्या मजल्यावर नुसतं "नागपूरच्या जवळची" म्हणालो. सहाव्यावर, हो, नागपूरचीच.