ओर्विएतो: गाडी खाली, आम्ही वर

रोमहून ओर्विएतोला, म्हणजे इटलीतल्या कड्यावरच्या एका जुन्या गावाला, रेल्वे जाते, सव्वा-दीड तासात पोचवते आणि स्वस्तही पडते. तरीही ऑक्टोबरात आम्ही खासगी गाडी केली ती आईच्या गुडघ्यांपायी. रोमच्या तेर्मिनी स्टेशनात काही प्लॅटफॉर्म इतके लांब आहेत की तिथवर चालण्यातच तिचा दिवसाचा कोटा संपला असता.

चालकासह मिळणाऱ्या अशा गाडीला इटलीत ‘एनसीसी’ म्हणतात. हे ऐकून बाबांना कॉलेजातली परेड आठवली. ही टॅक्सी नव्हे. रस्त्यात हात दाखवून थांबत नाही, आधी बुक करावी लागते आणि भाडंही आधीच ठरवून घ्यायचं असतं. चौघांत वाटूनही ते रेल्वेच्या कितीतरी पट होतं. वयस्कर माणसं बरोबर असतील तर पैसे वसूल. दोघंच असाल, पाय धड असतील, तर मुकाट्याने रेल्वेने जा. स्टेशनासमोरूनच फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने चढावर ओढली जाणारी छोटी रेल्वे, वर गावात नेते.

ए-१ महामार्गाने साधारण १२० किलोमीटर. वाटेत आईने दशम्यांचा डबा उघडला, तर चालकाने आरशातून अतिशय नम्रपणे मान हलवली. गाडीत खायचं नाही. मग कॉफीच्या थांब्यावर उभ्या-उभ्याच दशम्या झाल्या. (तिथे आधी गल्ल्यावर पैसे भरायचे, मग पावती घेऊन कॉफी मागायची. आम्ही उलटं केलं आणि बराच वेळ आमच्याकडे कोणी बघेना.)

महामार्ग सोडला की शहर एकदम समोर येतं. सपाट खोऱ्यातून वर आलेला एक कडा आणि कड्याच्या काठापर्यंत घरं. बाबा लगेच म्हणाले, “हा तर किल्लाच आहे!” दगड मात्र आपल्या सह्याद्रीसारखा टणक नाही. तो तूफा, ज्वालामुखीच्या राखेचा, मऊ. त्यामुळे रोमनांच्याही आधी इथे राहणाऱ्या एत्रुस्कन लोकांच्या काळापासून तो पोखरला गेला. शहराच्या पोटात बाराशेच्या आसपास गुहा आहेत, काहींत कबुतरांसाठी कोरलेले कोनाडे आहेत.

चालकाने पियाझ्झा काहेन या चौकात सोडलं. फ्युनिक्युलरही इथेच येते. गावात बाहेरच्या गाड्यांना बऱ्याच ठिकाणी मनाई आहे, कॅमेरे नंबर टिपतात. स्वतः गाडी चालवत असाल तर पश्चिमेकडच्या काम्पो देल्ला फिएरा पार्किंगला लावा, तिथून सरकते जिने आणि लिफ्ट वर आणून सोडतात.

आईला शेजारच्या आल्बोर्नोझ किल्ल्याच्या बागेत बाकावर बसवलं आणि बाबांना घेऊन मी सान पात्रित्सिओच्या विहिरीत उतरले. १५२७ साली रोम लुटलं गेलं तेव्हा पोप सातवा क्लेमेंट पळून इथे आला. वेढा पडला तर गडावर पाणी कुठून आणणार, या धास्तीने त्याने ही विहीर खोदायला लावली. वास्तुविशारद धाकटा आंतोनिओ दा सांगाल्लो. सुमारे ५३ मीटर खोल, १३ मीटर रुंद. काम संपलं १५३७ मध्ये, आणि क्लेमेंट तर १५३४ लाच वारला होता.

विहिरीला दोन जिने आहेत, एकमेकांभोवती पिळासारखे गुंडाळलेले, पण कुठेही एकमेकांना न छेदणारे. खेचरं एकाने उतरायची, तळाच्या पुलावरून पलीकडे जायची आणि पखाली घेऊन दुसऱ्याने चढायची. म्हणून २४८ पायऱ्या बुटक्या आणि रुंद आहेत. भिंतीत ७० खिडक्या. एका खिडकीत थांबून बाबांनी पलीकडे पाहिलं, तर समोरच्या खिडकीत एक आजोबा धापा टाकत उभे. दोघांनी एकमेकांना हात केला. तळाशी गारठा असतो, स्वेटर न्या. वर आल्यावर बाबा दहा मिनिटं गप्प, आणि मग पन्हाळ्याची अंधारबाव सुरू झाली ती जेवणापर्यंत.

कथेड्रलपर्यंत छोटी बस आहे, आईसाठी ती घ्याच. १२९० मध्ये सुरू झालेल्या या इमारतीच्या बाजूच्या भिंती काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या आहेत, आणि काळा दगड चक्क बसाल्ट, आपलाच! दर्शनी भागावरचं सोनेरी मोझेक दुपारनंतरच्या उन्हात पेटतं, तेव्हा सकाळी घाई नको. आत सान ब्रित्सिओ चॅपेलमध्ये लुका सिन्योरेल्लीने १४९९ ते १५०४ मध्ये काढलेली भित्तिचित्रं. एका चित्रात मेलेली माणसं जमिनीतून वर येतायत, कुणी हाताचे तळवे टेकून, जड अंग उचलावं तसं. काहींचे अजून सांगाडेच. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “अगं, यांनाही उठताना हाताचा आधार लागतोच की.” खांदे-गुडघे झाकलेले हवेत, आईच्या साडीचा प्रश्नच नव्हता, माझ्या नवऱ्याच्या हाफ पँटचा होता.

जेवण दोनच्या आत उरका, नंतर बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद होतं. उम्ब्रिकेल्ली म्हणजे हाताने वळलेल्या जाड शेवया. शाकाहारींनी ‘सेन्त्सा कार्ने’ (मांसाशिवाय) म्हणावं आणि तरीही सॉसमध्ये काय आहे ते विचारावं.

घोळ झाला तो परतताना. बुकिंगमध्ये मी परतीचं ठिकाण नुसतं ‘ओर्विएतो’ लिहिलं होतं. ओर्विएतो दोन आहेत: वरचं गाव आणि खाली स्टेशनाजवळचं ओर्विएतो स्कालो. आम्ही वर उभे, गाडी खाली उभी. कंपनीचा फोन कोणी उचलेना आणि पाऊण तासाचं थांबण्याचं भाडं शेवटी आमच्याच माथी. तेव्हा चौकाचं नाव लिहा, थांबण्याचा दर आधी विचारा, आणि निघतानाच चालकाचा स्वतःचा नंबर घ्या.

त्या पाऊण तासात आमचं चिविता दि बान्योरेज्जिओ, जवळचंच टेकडीवरचं जुनं गाव, हुकलं. तुम्ही जाणार असाल तर ऐका, तिथे गाडी अलीकडेच थांबते आणि पुढे लांबच लांब, चढाचा पादचारी पूल आहे. चालकाने फोनवर फोटो दाखवला. आई म्हणाली, “दिसलं. चला आता रोमला.”