चतुर्थीची माळ लागत नाही? टेप गुंडाळण्याआधी हे बघा

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट, बांधून होते, मखर उभे राहते आणि गेल्या वर्षी गुंडाळून ठेवलेली दिव्यांची माळ अर्धीच लागते. मग कोणीतरी स्टुलावर चढून, पिन बोर्डात तशीच ठेवून, एकेक दिवा हलवून बघायला लागतो. हे अजिबात करू नका. 'एवढासा दिवा, तीन व्होल्टचा, तो काय करणार?' हा समज घातक आहे.

बाजारातल्या थेट बोर्डात लावायच्या माळांमध्ये दिवे एकामागोमाग एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेले असतात. माळ चालू असताना प्रत्येक एलईडीवर दोन-तीन व्होल्टच पडतात, हे खरे. पण मधला एक दिवा तुटला की प्रवाह थांबतो, बाकी कुठेच विजेचा दाब (व्होल्टेज) वाटला जात नाही आणि घरातले पूर्ण २३० व्होल्ट त्या तुटलेल्या जागेच्या दोन टोकांमध्ये येऊन बसतात. घरातल्या एसी विजेत क्षणोक्षणी हा दाब ३२५ व्होल्टच्या आसपास जातो. म्हणजे आपण नेमके जिथे बोट लावणार, तीच जागा सगळ्यात वाईट.

नुसते बटण बंद करणेही पुरेसे नाही. जुन्या घरांत बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले सापडते. माळ विझते, पण वायरीत फेज तशीच राहते. म्हणून पिन बोर्डातून उपसायची, आपल्या नजरेसमोर ठेवायची आणि मिनिटभर थांबून मगच माळेला हात लावायचा.

आता दोष कुठे आहे ते. माळ कशी बंद पडली आहे यावरूनच अर्धे उत्तर मिळते. आठ तऱ्हेने लुकलुकणाऱ्या माळेच्या डबीतून बहुधा चार वेगळ्या साखळ्या निघतात आणि सगळ्यांची एक वायर सामाईक असते. बऱ्याच रंगीत माळांत एका साखळीवर एकच रंग असतो. त्यामुळे फक्त लाल गेला असेल तर लाल साखळीत कुठेतरी खंड आहे. डबी आणि पिन ठीक आहेत, त्यांच्या मागे लागू नका. सगळीच माळ मेली असेल तर आधी दुसरा बोर्ड, मग पिन, मग सामाईक वायर, शेवटी डबी. पिनीच्या मानेशी वायर वाकून वाकून आतल्या आत तुटते, वरचे आवरण मात्र शाबूत दिसते. तिथे चिमटीत धरून वाकवली की एखाद्या जागी ती नळीसारखी पोकळ, लुळी लागते. पाच सेंटिमीटर वायर कापून ६ अँपिअरची नवी दोन पायांची पिन लावली की काम झाले. डबीला जळका वास असेल तर ती उघडून बसू नका, टाकून द्या. तेवढ्याच वायरींची सुटी डबी मिळाली तर बदला, नाही तर माळच नवी घ्या.

साखळीतला मेलेला दिवा शोधायला सर्वांत सोयीचे हत्यार म्हणजे सीआर २०३२ हा नाण्यासारखा ३ व्होल्टचा सेल. एलईडी होल्डरमधून अलगद ओढून काढा, त्याचे दोन पाय सेलच्या दोन बाजूंना टेकवा. नाही पेटला तर सेल उलटा करा. तरीही नाही पेटला, तर तोच. मल्टीमीटरच्या डायोड खुणेवरही हे करता येते, पण स्वस्त मीटरवर लाल पेटतो आणि पांढरा-निळा पेटत नाही. कारण लालला दोन व्होल्ट पुरतात, पांढऱ्याला तीन लागतात. त्यावरून चांगला पांढरा दिवा फेकू नका. एकेक काढणे कंटाळवाणे असेल तर ९ व्होल्टची बॅटरी आणि तिच्या एका टोकाला १ किलो-ओहमचा रोधक (रेझिस्टर) लावून पांढरे दोन किंवा लाल तीन एका वेळी तपासता येतात. रोधकाशिवाय लावलात तर एलईडी जागेवर जातो.

जुनी काचेच्या छोट्या बल्बांची माळ अजून जपून ठेवली असेल तर काम सोपे. तिथे मल्टीमीटरच्या कंटिन्युइटीवर (वाट सलग आहे का हे दाखवणाऱ्या खुणेवर) अर्धी-अर्धी माळ तपासायची: ४० बल्बांपैकी पहिले २०, दोष असेल त्या अर्ध्यातले १०, मग ५. सहा मोजण्यांत बल्ब हाती लागतो. एलईडीच्या माळेत ही युक्ती चालत नाही, कारण मीटरचा दाब एकापेक्षा जास्त एलईडी ओलांडून जात नाही.

काढलेल्या एलईडीचे पाय जरा उजेडात धरून बघा. किनाऱ्याकडच्या घरांत दिवा चांगला असतो आणि पाय गेलेला असतो: होल्डरच्या तोंडाशी हिरवट पांढरी पूड, खाली टाचणीच्या टोकाएवढे काळे, आणि नखाने टोकरले की पाय तुटून हातात येतो. खाऱ्या हवेने तांब्याला कळंक चढतो आणि प्रवाह अडतो. पाय नुसता कळकटला असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासून परत बसवा. बसवताना लांब पाय कोणत्या बाजूला होता ते लक्षात ठेवा. एक एलईडी उलटा बसला तरी पूर्ण साखळी विझते.

बदली दिवा त्याच रंगाचा घ्या. तो मिळेपर्यंत मेलेल्या दिव्याची दोन टोके जोडून साखळी चालू करता येते, पण त्याला मर्यादा आहे. ४० बल्बांच्या माळेत प्रत्येकाला ५.७५ व्होल्ट मिळतात. चार वगळले की उरलेल्यांना ६.४ मिळतात. ऐकायला फरक थोडा, पण तारेच्या बल्बाचे आयुष्य एवढ्यानेच निम्म्याहून खाली येते, आणि मग चतुर्थीच्या पाच दिवसांत रोज एक बल्ब जात राहतो. एलईडीच्या माळेत जास्तीचा दाब रोधकावर जातो आणि तो तापतो. वायरीवर मध्येच दिसणारा फुगीर तुकडा म्हणजे बहुधा तोच. एका साखळीत दोनपेक्षा जास्त दिवे वगळू नका.

जोड हा या सगळ्या दुरुस्तीचा जीव आहे. बहुतेक माळा पुन्हा बिघडतात त्या पिळून टेप गुंडाळलेल्या जोडाने. श्रावण-भाद्रपदाच्या दमटपणात टेपचा गोंद पातळ होतो, टेप सरकते आणि तिच्या आत पाणी साचून राहते. त्याऐवजी असे करा. वायर कापण्याआधी दोन्ही वायरींचे जोड एकमेकांपासून चार सेंटिमीटर पुढेमागे येतील असे ठरवून घ्या, म्हणजे एखादे आवरण फाटले तरी जोड जोडाला भिडणार नाही. मग श्रिंक स्लीव्हचा, म्हणजे तापवल्यावर आवळणाऱ्या नळीचा, तीन सेंटिमीटरचा तुकडा वायरीत ओवा. हे आधी करायचे. सोल्डर झाल्यावर आठवले तर जोड पुन्हा तोडावा लागतो. दोन्ही टोके दीड सेंटिमीटर सोला, समोरासमोर धरून एकमेकांभोवती पिळा, सोल्डरिंगच्या २५ वॅटच्या इस्त्रीने तापवा आणि सोल्डर इस्त्रीला नव्हे तर तारेला लावा. तार पुरेशी तापली असेल तर सोल्डर पाण्यासारखा आत शिरतो आणि जोड चकचकीत दिसतो. गोळा होऊन वर बसला तर तो जोड कच्चा.

इथे एक अडचण हमखास येते. स्वस्त माळांतली तार तांब्याची दिसते, असते मात्र ॲल्युमिनियमची किंवा लोखंडाची, वर तांब्याचा नुसता मुलामा. पात्याने खरवडून सोलली की मुलामा निघतो, आत रुपेरी दिसते आणि त्यावर सोल्डर धरत नाही. अशी वायर नखाने किंवा वायर स्ट्रिपरने हलकेच सोला. शेवटी स्लीव्ह जोडावर सरकवून लायटरची ज्योत खालून सतत हलती ठेवत आवळा. बाहेर टांगायच्या माळेला आतून गोंद असलेली स्लीव्ह घ्या. आवळताना दोन्ही तोंडांतून गोंदाचा बारीक मणी बाहेर आला की पाणी आत जायला वाट नाही.

ॲडॉप्टरवर चालणाऱ्या माळा हाताळायला कमी धोक्याच्या. ॲडॉप्टर मेला तर व्होल्ट तेवढेच आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त असलेला घ्या. मात्र दोनच वायरींवर दोन गट आलटून-पालटून लुकलुकत असतील तर तिथे दाब उलटसुलट होत असतो. साधा डीसी ॲडॉप्टर लावलात तर अर्धेच दिवे लागतील, आणि माळेत दोष नसताना तुम्ही तो शोधत बसाल.

माळ कुठे टांगता यावरही तिचे आयुष्य ठरते. चिऱ्यांचा गडगा (कुंपणाची भिंत) पावसात दिवसचे दिवस ओला राहतो, त्यावर माळ आडवी टाकू नका. लोखंडी फाटकाला किंवा पत्र्याला ती गुंडाळणे तर सर्वांत वाईट. कडेला आवरण घासले की अख्खे फाटक फेज होते आणि पहिला हात बहुधा लहान मुलाचा लागतो. माटोळीलाही माळ सुतळीने बांधा, बारीक तारेने नाही, आणि ओल्या पानाफळांपासून पिन व डबी लांब ठेवा. बाहेरच्या माळेवर आयपी ४४ (पाण्याच्या शिंतोड्यांपासून बचाव सांगणारा आकडा) किंवा त्यापुढचा आकडा बघून घ्या आणि बोर्डाकडे जाणाऱ्या वायरीला आधी खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, पिनीत उतरणार नाही.

घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप पुरवठा तोडणारा स्विच, असेल तर माळ लावण्याआधी तिचे टेस्टचे बटण दाबून ती पडते का बघा. नसेल तर यंदा बसवून घ्या. पण एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आले तर तिला काही कळत नाही, म्हणून ती आहे म्हणून पिन न काढता काम करू नका. कोणाला शॉक लागून तो चिकटला तर त्याला धरू नका. मेन स्विच पाडा आणि १०८ ला फोन करा.

वाकवल्यावर आवरणाला भेगा पडत असतील किंवा उंदराने दोन-तीन ठिकाणी कुरतडले असेल, तर ती माळ दुरुस्तीची नाही. टाकण्याआधी पिन कापून टाका, म्हणजे भंगारातून उचलून कोणी ती परत लावणार नाही.

दुरुस्त माळ लगेच मखरावर चढवू नका. कोरड्या लादीवर पसरून, हात न लावता, अर्धा तास चालू ठेवा. मग पिन उपसा आणि एकेक जोड, डबी आणि पिनीचे पाय बोटांनी चाचपून बघा. जो जोड कोमट लागेल, तो पुन्हा कापून नव्याने करा.